पाचव्या लिटरातलं शिसं

तळघराच्या पुढच्या भिंतीतून, फरशीपासून वीतभर वर, एक राखाडी नळी आत येते आणि पहिल्या व्हॉल्व्हला भिडण्याआधी कांद्यासारखी फुगते. तो फुगवटा दिसला की निम्मं निदान तिथेच होतं. शिशाची नळी पितळी जोडाला बसवताना जुने प्लंबर वितळलेला डाख कापडाने पुसत पुसत त्या जागी गोळा करायचे. तांब्याच्या किंवा लोखंडी नळीला असा कांदा नसतो. शिकागोतल्या जुन्या घरांत तो सर्रास सापडतो, कारण १९८६ मध्ये अमेरिकेने शिशाच्या नळ्यांवर बंदी घालेपर्यंत रस्त्याखालच्या जलवाहिनीपासून लहान घरांपर्यंत येणाऱ्या जोडणीला शिशाचीच नळी वापरायची, असा इथल्या शहराचाच नियम होता. आज शहरात अशा सुमारे चार लाख जोडण्या आहेत, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. आमचं घर त्यातलंच एक. पिण्याच्या पाण्यात शिसं उतरवणारी ही जोडणी ओळखण्यापासून बदलून घेईपर्यंत जे करावं लागलं, ते इथे क्रमाने आहे.

ओळख पटवायला एक नाणं, एक लोहचुंबक आणि टॉर्च पुरतो. मीटर किंवा पहिला व्हॉल्व्ह जिथे असेल, त्याच्या भिंतीकडच्या बाजूची नळी बघायची. आतल्या बाजूची नळी नंतर कुणीतरी बदललेली असू शकते. नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा. चकचकीत चंदेरी ओरखडा सहज उमटला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर शिसं. चुंबक चिकटला तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. ओरखडा तांबूस आला तर तांबं. नळीवर रंगाचे थर असतील तर आधी ते काढावे लागतात, नाहीतर आपण रंगच खरवडत बसतो. करवत किंवा चाकू लावू नका, आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

जीआय निघाली म्हणून सुटलो असं मात्र नाही. तिच्यात पाणी जिकडून येतं त्या बाजूला कधीकाळी शिशाची नळी असेल, तर त्या शिशाचे कण आतल्या गंजाच्या पापुद्र्यांत वर्षानुवर्षं साठतात आणि नंतर सुटत राहतात. म्हणून केंद्रीय नियमांत अशा नळीचा वेगळा वर्ग आहे आणि तीही बदलायच्या यादीत धरली जाते. १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत प्रत्येक पाणीपुरवठादाराला जोडण्यांची यादी करून त्यानंतर तीस दिवसांत लोकांना कळवायचं होतं. त्या वेळी आलेल्या पत्रात आमच्यापुढे ‘अज्ञात’ असा शेरा होता. अज्ञात म्हणजे शिसं नाही, असा अर्थ बरेच जण लावतात. त्याचा अर्थ एवढाच, की कुणी अजून बघितलेलं नाही.

उंच टॉवरमध्ये भाड्याने राहणाऱ्यांनी बहुतेक निर्धास्त राहावं. दोन इंचांहून मोठ्या जोडण्या शिशाच्या नसतात, आणि मोठ्या इमारतीला तेवढी मोठी लागतेच. धोका बंगल्यांत आणि दोन-तीन मजली छोट्या इमारतींत आहे.

आता पाणी तपासणं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. नेहमीची पद्धत अशी, की सकाळी नळ सोडल्यावर पहिली लिटरभर बाटली भरायची. पण त्या पहिल्या लिटरात काय असतं? नळाच्या तोटीत आणि ओट्याखालच्या, भिंतीतल्या नळीत रात्रभर थांबलेलं पाणी. शिशाची नळी तर अंगणाखाली आहे! तिच्यातलं पाणी ओट्यापर्यंत यायला आधी घरातली सगळी नळी रिकामी व्हावी लागते.

हिशेब सोपा आहे. पाऊण इंच आतल्या व्यासाच्या नळीत फुटाला सुमारे ८७ मिलिलिटर पाणी मावतं. भिंतीपासून रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपर्यंत ६० फूट धरले, तर शिशाच्या नळीत सव्वापाच लिटरांच्या आसपास पाणी. मीटरपासून ओट्यापर्यंतची अर्धा इंची तांब्याची नळी ४० फूट धरली, तर दोन लिटरांहून थोडं कमी. म्हणजे पहिले दोन लिटर घरातले, तिसऱ्यापासून सातव्या-आठव्यापर्यंतचे शिशाच्या नळीतले, आणि त्यापुढचं पाणी बाहेरच्या बिडाच्या जलवाहिनीतलं. म्हणूनच २०२१ पासूनच्या सुधारित केंद्रीय नियमांत शिशाची जोडणी असलेल्या घरासाठी पाचवा लिटर तपासायला सांगितलेला आहे.

आम्ही प्रयोगशाळेतून एक-एक लिटरच्या दहा रुंद तोंडाच्या बाटल्या आणल्या. (शहराचा मोफत संच ३११ या शहराच्या मदत-क्रमांकावर मागवता येतो. त्यात बाटल्या कमी असतात, पण सुरुवातीला तोही चालतो.) रात्री अकरानंतर घरात पाण्याचा थेंब वापरायचा नाही. फ्लश नाही, कपड्यांचं मशीन नाही, फ्रिजचा बर्फाचा साचाही बंद. कमीत कमी सहा तास पाणी निश्चल राहिलं पाहिजे. सकाळी ओट्यावरचा थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडून, मध्ये बंद न करता, दहाही बाटल्या ओळीने भरायच्या. बाटल्यांवर क्रमांक आधीच लिहून ठेवा, भरताना वेळ मिळत नाही. नळाच्या तोंडाची जाळी काढायची नाही, फिल्टर लावलेला असेल तर तो बाजूला करायचा. आणि नळ हळू सोडायचा नाही. बारीक धारेत सुटे कण खालीच राहतात आणि निकाल खोटा चांगला येतो.

निकाल पीपीबीमध्ये येतो, म्हणजे एका लिटरात किती मायक्रोग्रॅम. पहिली बाटली ४, दुसरी ३, तिसरी ९. चौथीपासून सातवीपर्यंत १६ ते १९. आठवी ११, दहावी ५. आलेख काढला तर मधोमध टेकाड. फक्त पहिली बाटली पाठवली असती, तर ‘४ पीपीबी, काळजी नको’ असं म्हणून आम्ही कागद फायलीत लावला असता.

१५ पीपीबी हा अमेरिकेतला आकडा १९९१ पासूनचा आहे आणि २०२४ च्या सुधारणेत तो १० वर आणायचं ठरलं. भारतीय मानकातली मर्यादाही १० पीपीबीच आहे. पण अमेरिकेतला आकडा तुमच्या घराची आरोग्यमर्यादा नव्हे. शहरातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक त्याच्या वर गेले, तर पुरवठादाराने हालचाल करायची, एवढाच त्याचा अर्थ. आरोग्याच्या दृष्टीने ठरवलेलं उद्दिष्ट शून्य आहे. घरात बाटलीच्या दुधावरचं बाळ किंवा गरोदर बाई असेल, तर १४ आणि १६ यातला फरक मोजत बसू नये.

आपल्या घरांतल्या सवयींकडेही या आलेखातून बघता येतं. उठल्या उठल्या चहाचं आधण ठेवायला भरलेलं पातेलं, लगेच मागोमाग वरण-भाताचा कुकर, आणि तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलं दिवसाचं पाणी, हे सगळं मिळून बरोबर त्या टेकाडातलं पाणी होतं. ‘आम्ही पाणी उकळूनच पितो’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. उकळून जंतू मरतात, शिसं तिथेच राहतं. उलट पाणी आटलं की तेवढंच शिसं कमी पाण्यात उरतं. गरम पाण्याच्या नळाचं पाणी तर स्वयंपाकाला घेऊच नये, गरम पाण्यात शिसं जास्त सुटतं.

नळी बदलेपर्यंतचे उपाय दोन. पहिला, पाणी सोडून देणं. स्वयंपाकघरातला नळ मिनिटाला सात-आठ लिटर देतो, तेव्हा पाच मिनिटांत सगळी जोडणी कित्येकदा धुऊन निघते. कुणी आंघोळ केली किंवा कपड्यांचं मशीन लावलं, तरी काम तेच होतं. म्हणून आधी आंघोळी, मग चहा. पण हा उपाय अर्धा आहे. नळीला मधूनच एखादा कण सोडायची हुक्की येते, आणि त्याला वेळापत्रक नसतं.

दुसरा उपाय फिल्टर. खोक्यावर ‘एनएसएफ/अ‍ॅन्सी ५३’ हा मानकाचा क्रमांक हवा आणि त्याच्यापुढे शिसं कमी करण्याचा स्पष्ट उल्लेख हवा. ५३ हा क्रमांक इतर दूषितांसाठीही मिळतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सोबत ‘४२, क्लास वन पार्टिक्युलेट’ असेल तर बारीक कणही अडतात. आरओसाठीचा क्रमांक ५८. नुसत्या ४२ वाल्या फिल्टरने क्लोरिनचा वास जातो, शिशाची खात्री नाही. फ्रिजमधले बरेच फिल्टर याच वर्गातले असतात. फिल्टरच्या कार्ट्रिजचं आयुष्यही मोजा. समजा ते ४० गॅलन, म्हणजे सुमारे १५० लिटर आहे. चौघांच्या घरात पिण्या-शिजवण्याला रोज आठ लिटर धरले, तर ते एकोणीस दिवसांत संपतं. ‘तीन महिने चालतं’ हे पाकिटावरचं वाक्य एकट्या माणसाच्या हिशेबाने असतं. फिल्टरमधून गरम पाणी सोडायचं नाही. नळाच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा उघडून स्वच्छ करायची. आमच्या जाळीत पहिल्यांदा खसखशीएवढे राखाडी कण निघाले. एखाद्या दिवशी त्यातलाच एक पेल्यात उतरला असता.

यावर कुणीही विचारील, की इतकी वर्षं हेच पाणी प्यायलं ना? प्यायलं. शहर पाण्यात फॉस्फेट मिसळतं आणि त्याचा पातळ थर नळीच्या आत बसतो, शिसं आणि पाणी यांच्यामध्ये पडदा धरतो. पडदा आहे तोवर ठीक. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक रसायन घातलं नाही, आणि तो पडदा विरघळला. रसायन न बदलताही तो फाटतो. रस्ता खणला, समोरची जलवाहिनी बदलली, घराला नवा मीटर बसवला, की हादऱ्याने पापुद्रे सुटतात. शिकागोतल्याच घरांवर केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशी छेडछाड झालेल्या घरांत शिसं जास्त सापडलं होतं. समोर खोदकाम सुरू झालं की फिल्टर नसेल तर त्याच दिवशी आणा.

खरा उपाय नळी बदलणं, आणि बदलायची तर पूर्ण. जलवाहिनीपासून फुटपाथजवळच्या बंद-चालू व्हॉल्व्हपर्यंतचा भाग सहसा शहराचा आणि तिथून आतला घरमालकाचा मानतात. तो व्हॉल्व्ह ज्या उभ्या लोखंडी नळकांड्यात असतो, त्याला इथले प्लंबर ‘बी-बॉक्स’ म्हणतात. हिरवळीत त्याचं झाकण शोधून ठेवा, मातीखाली गेलेलं असतं. ‘आपल्यापुरता अर्धा भाग बदलून टाकू’ हा विचार स्वस्तात पडणारा वाटतो आणि महागात पडतो. शिशाची नळी कापताना तिचा पडदा फाटतो, आणि उरलेलं शिसं नव्या तांब्याला जोडलं की दोन धातूंच्या सांध्यावर बॅटरीसारखी क्रिया होऊन शिसं आणखी झिजतं. काही आठवडे ते काही महिने पाणी आधीपेक्षा वाईट येऊ शकतं. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये तर जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने आणीबाणीसारखे अपवाद सोडता अशी अर्धी बदली बंदच केली आहे.

खर्च ऐकून बसायला खुर्ची लागते. शिकागोत एका घराला साधारण १५ ते ३० हजार डॉलर. नळी त्यात नगण्य. पैसा जातो पाच-सहा फूट खोल खोदाईत (थंडीत वरची जमीन गोठते, म्हणून नळी तेवढी खाली), रस्ता आणि फुटपाथ पूर्ववत करण्यात, आणि जलवाहिनी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला असेल तर लांबीत. स्वतःहून बदलणाऱ्यांना शहर परवाना-शुल्कात माफी देतं. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी वेगळी मोफत योजना आहे, पण रांग लांब. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचं तुलनेने बरं आहे. तिथल्या २०२१ च्या कायद्याने पुरवठादारांना दहा वर्षांत शिशाच्या सगळ्या जोडण्या बदलायच्या आहेत, आणि नेवार्कने त्याआधीच सुमारे २३ हजार नळ्या तीन वर्षांच्या आत, घरमालकाकडून पैसे न घेता बदलल्या. तुमच्याकडे शहर दार वाजवायला येणार असेल तर थांबा. नसेल तर कोटेशनं मागवा.

कोटेशनात काय हवं ते आम्हाला तिसऱ्या कंत्राटदाराकडून कळलं. तांब्याची ‘टाइप के’ नळी, एक इंची, शक्यतो जमिनीखाली एकही सांधा नसलेली. ६० फुटांचं वेटोळं मिळतं, अंतर त्याहून जास्त असेल तर १०० फुटांचं घ्यायला लावा. सांधा टाळता येत नसेल तर तो दाबून बसवणारा पितळी, डाखाचा नाही. तळघराच्या भिंतीतल्या भोकाची जलरोधक भरणी. फुटपाथ आणि हिरवळीची दुरुस्ती कोण करणार ते लेखी. आणि अर्थिंग. पहिल्या दोन कोटेशनांत हा शब्दच नव्हता.

जुन्या घरांत विजेचं अर्थिंग अनेकदा पाण्याच्या धातूच्या नळीलाच जोडलेलं असतं. मीटरजवळ नळीला पकड लावून जाड तांब्याची तार वीज-पॅनेलकडे गेलेली दिसेल. नळी कापली की तो मार्ग तुटतो. शेजाऱ्यांच्या वायरिंगमध्ये दोष असेल तर त्या नळीतून प्रवाह वाहत असतो, आणि कापणाऱ्याच्या दोन हातांत दोन टोकं आली की झटका त्याला बसतो. म्हणून कापण्याआधी कापाच्या दोन्ही बाजूंना जोडतार लावायची. नवी नळी तांब्याची असेल तर पकड पुन्हा नीट बसवायची, आणि मीटरला वळसा घालणारी तारही. प्लास्टिकची बसवणार असाल तर जमिनीत आठ-आठ फुटांचे दोन अर्थ-रॉड, एकमेकांपासून निदान सहा फुटांवर. हे काम इलेक्ट्रिशियनचं, प्लंबरच्या ‘ते मी बघतो’वर सोडू नका.

खोदाईआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या आखून देणाऱ्या सेवेला, फोन. कंत्राटदार करतोच, पण केला का ते विचारा. मग जमिनीवर रंगाच्या रेषा येतात: निळी पाण्याची, पिवळी गॅसची, लाल विजेची, हिरवी मैलापाण्याची, नारिंगी केबलची. मीटरच्या अलीकडे आपण स्वतः टाकलेलं काही, उदाहरणार्थ गॅरेजला नेलेली वीज किंवा हिरवळीचे फवारे, ते कुणी रंगवत नाही. ते आपणच दाखवायचं.

प्रत्यक्ष काम दीड दिवस चाललं. पूर्ण चर खणण्याऐवजी दोनच खड्डे घेतले, एक जलवाहिनीपाशी, दुसरा तळघरात भिंतीलगत फरशी फोडून, सुमारे तीन फूट बाय तीन फूट. मधली वाट हवेच्या दाबावर चालणाऱ्या लांबट हातोड्याने जमिनीखालून पाडली. त्याला इथे ‘मोल’ म्हणजे चिचुंद्रीच म्हणतात. शिकागोची चिकणमाती या कामाला चांगली. दगड आडवा आला तर चिचुंद्री वाट सोडते आणि मग मधे तिसरा खड्डा घ्यावा लागतो, त्याचा दर कोटेशनात आधीच लिहून घ्या. दुसरी रीत अशी, की जुन्या नळीतून पोलादी दोर ओवून, ती फाडत फाडत मागून नवी ओढायची. पण जुनी नळी जिथे वळते तिथे दोर अडकतो. आमची जुनी नळी दोन्हीकडून तोडून जमिनीतच राहिली. पाणीच वाहत नाही म्हटल्यावर तिचा त्रास नाही.

पाणी सुरू झालं त्या क्षणापासूनचा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तेव्हा कामगार सामान आवरत असतात. ओट्यावरचा नळ मुळीच उघडू देऊ नका. आधी घरातल्या सगळ्या नळांच्या जाळ्या आणि शॉवरची तोंडं काढा. फिल्टर, बर्फाचा साचा, पाणी मऊ करणारं यंत्र, सगळं बंद किंवा वळसा घालून. मग तळघरातला नळ, नंतर वरच्या मजल्यांवरचे, सगळे थंड पाण्याचे पूर्ण उघडा आणि निदान अर्धा तास वाहू द्या. बंद करतानाही क्रम तोच, खालून वर. गरम पाण्याची टाकी त्यानंतर. जाळ्या धुऊन मगच परत लावा. आमच्याकडे वरच्या न्हाणीघरातली एक जाळी काढायची राहिली. आठवड्याने तिथली धार बारीक झाली, आणि उघडल्यावर आत चिमूटभर राखाडी रेती होती.

नळी नवी झाली तरी पुढचे सहा महिने फिल्टर चालूच ठेवायचा, कारण घरातल्या जुन्या नळ्यांत आधी साठलेले कण हळूहळू सुटतात. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा दहा बाटल्या. आमच्या दुसऱ्या फेरीत टेकाड गेलं होतं. पहिली बाटली २, बाकीच्या १ किंवा त्याहून कमी. ती पहिली बाटली म्हणजे १९८६ आधीचा डाख आणि जुनी पितळी तोटी. २०१४ आधीच्या तोट्यांना ८ टक्क्यांपर्यंत शिसं असूनही ‘शिसेमुक्त’ म्हणवता येत होतं, आता मर्यादा ०.२५ टक्के. तोटी बदलायला दीडशे डॉलर आणि एक पान्हा लागला.

मुलाच्या रक्तात शिसं निघालं असेल, तर मात्र पाण्यावरच थांबू नका. इथे ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा ओलांडला की डॉक्टर चौकशी सुरू करतात. पण त्यांच्या यादीत बहुधा खिडक्यांचा जुना रंग असतो, आपल्या घरातल्या वस्तू आपणच सांगाव्या लागतात. गावाहून आणलेली सुटी हळद (पिवळाधमकपणासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार सापडलेले आहेत), शेंदूर, डोळ्यांत घालायचा सुरमा, आणि कल्हई केलेली पितळी भांडी. कल्हईवाल्याने शुद्ध कथील वापरलं की शिसं मिसळलेलं, ते नुसतं बघून कळत नाही.

शेवटचं काम कागदाचं. नवी नळी झाकण्याआधी दोन्ही खड्ड्यांत उतरून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. परवान्याची तपासणी पूर्ण झाल्याची प्रत मागून घ्या. आमच्या घरापुढचा ‘अज्ञात’ हा शेरा नळी बदलून चार महिने झाले तरी यादीत तसाच होता. फोटो आणि तपासणीची प्रत पाठवल्यावर तिथे ‘तांबे’ आलं.